लॉगमधला सहगुणक वाचताना: आधी पट, मग टक्के

मित्रहो, पगार, घरांच्या किमती, कंपन्यांची उलाढाल अशा राशी रिग्रेशनमध्ये, म्हणजे एक राशी इतर राशींवर कशी अवलंबून आहे हे समीकरणाने मोजताना, घेतल्या की त्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घेण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे, की तो का घेतला हे सांगण्याची गरजही कुणाला वाटत नाही. आज मला बोलायचे आहे ते त्यापुढच्या टप्प्याविषयी, म्हणजे संगणकाने सहगुणक (समीकरणात एखाद्या राशीला गुणणारा आकडा) काढून दिल्यावर आपण तो शब्दांत कसा मांडतो याविषयी. माझे म्हणणे असे आहे, की लॉग घेतलेल्या राशीचा सहगुणक मुळात गुणोत्तर सांगत असतो. टक्के हे त्या गुणोत्तराचे आपण नंतर केलेले रूपांतर असते, आणि ते घाईने केले की चुकीचे विधान छापून जाते.

उदाहरणासाठी अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांच्या नावाने ओळखले जाणारे वेतनाचे समीकरण घेऊ. १९७४ साली त्यांनी मांडलेल्या रूपात डाव्या बाजूला वेतनाचा नैसर्गिक लॉग आहे आणि उजव्या बाजूला शिक्षणाची वर्षे, कामाचा अनुभव आणि अनुभवाचा वर्ग. समजा, शिक्षणाच्या वर्षांचा सहगुणक ०.०८ आला. अनुभव तेवढाच असताना शिक्षणाचे एक वर्ष वाढले, की वेतनाच्या लॉगमध्ये ०.०८ ची भर पडते. लॉगमधली बेरीज म्हणजे मूळ राशीतला गुणाकार, म्हणून वेतन e चा (नैसर्गिक लॉगच्या पायाचा, सुमारे २.७१८ चा) ०.०८ वा घात, म्हणजे १.०८३३ पट होते. ८ टक्के आणि ८.३ टक्के यांत फारसे अंतर नसल्यामुळे सहगुणकाला शंभराने गुणून टक्के म्हणण्याचा सोपा नियम इथे चालून जातो. मात्र चार वर्षांच्या पदवीचा हिशेब करताना कुणी ८ ची चौपट करून ३२ टक्के म्हणेल, कुणी ८.३३ ची चौपट करून ३३.३ टक्के म्हणेल, आणि दोघांचेही चुकेल. बेरीज लॉगमध्ये करायची, ती येते ०.३२, तिच्यावरून गुणोत्तर येते १.३७७, म्हणजे वाढ जवळजवळ ३८ टक्के. चक्रवाढ व्याजाचा हिशेब ज्याने केला आहे त्याला यात नवे काही नाही.

खरी गफलत होते ती डमी चलांच्या बाबतीत, म्हणजे एखादा गुण असेल तर एक आणि नसेल तर शून्य अशी किंमत घेणाऱ्या चलांच्या बाबतीत. त्यांचे सहगुणक बहुधा मोठे असतात, आणि शून्यापासून एकापर्यंतची उडी एकदमच घ्यावी लागते. हॅल्व्होर्सन आणि पामक्विस्ट यांनी १९८० मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये हीच गोष्ट स्पष्ट केली, की e चा अशा सहगुणकाइतका घात घेऊन त्यातून एक वजा केल्याशिवाय टक्के म्हणता येत नाही. सहगुणक ०.७ असेल तर वेतन ७० टक्क्यांनी नव्हे, दुपटीहून किंचित जास्त झालेले असते; उणे ०.७ असेल तर ते निम्मे झालेले असते. उणे १.२ हा सहगुणक पाहून वेतन १२० टक्क्यांनी कमी आहे असे लिहिले, तर ते शून्याच्याही खाली गेले असे आपण म्हणत असतो. प्रत्यक्षात ते ०.३० पट, म्हणजे ७० टक्क्यांनी कमी असते.

तुलनेचा आधारही इथे महत्त्वाचा ठरतो. स्त्रियांसाठी एक आणि पुरुषांसाठी शून्य असा डमी घेऊन सहगुणक उणे ०.२५ आला, तर स्त्रियांचे वेतन पुरुषांच्या ०.७७९ पट, म्हणजे २२ टक्क्यांनी कमी. डमी उलटा घेतला तर तोच सहगुणक अधिक ०.२५ येतो आणि पुरुषांचे वेतन २८ टक्क्यांनी जास्त ठरते. दोन्ही विधाने एकाच वस्तुस्थितीची आहेत, पण कुणाच्या तुलनेत हे न सांगता नुसता २५ चा आकडा लिहिला तर तो कोणत्याच बाजूने खरा नसतो. विश्वासांतराचेही, म्हणजे खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मध्ये असावा असा अंदाज असतो त्या पट्ट्याचेही, तसेच. ०.२५ या सहगुणकाची प्रमाण त्रुटी (अंदाजातल्या अनिश्चिततेचे माप) ०.१ असेल, तर ९५ टक्के विश्वासांतराच्या दोन्ही टोकांचे स्वतंत्रपणे रूपांतर करावे, ती ५.५ आणि ५६.२ टक्के येतात, आणि २८.४ हा आकडा त्यांच्या बरोबर मधोमध नसतो.

दोन्ही बाजूंना लॉग असेल तर सहगुणक म्हणजे अर्थशास्त्रातली लवचिकता: उजवीकडची राशी एक टक्क्याने वाढली तर डावीकडची साधारण किती टक्क्यांनी वाढते ते. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये प्राण्यांच्या चयापचयाविषयी दिलेला सुमारे ०.७५ हा घातांक याच प्रकारचा: वजन दसपट झाले तर चयापचयाचा वेग १० चा ०.७५ वा घात, म्हणजे ५.६ पट. इथे लॉगचा पाया दोन्हीकडे सारखा असला की पुरे. लॉग फक्त उजव्या बाजूला असेल तेव्हा मात्र पाया सांगावाच लागतो, कारण दहाच्या पायाने तोच सहगुणक २.३०३ पट मोठा दिसतो.

आता थोडा अधिक अवघड प्रश्न: हे गुणोत्तर नेमके कशाचे? एका गटातल्या दोन मजुरांची रोजची मजुरी प्रत्येकी २०० रुपये आहे आणि दुसऱ्या गटात एकाला १००, दुसऱ्याला ४०० मिळतात. लॉग घेऊन तुलना केली तर फरक शून्य येतो, कारण दोन्ही गटांचा भूमितीमध्य (दोन आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ) २०० आहे. पण साधी सरासरी पहिल्या गटात २०० आणि दुसऱ्यात २५० आहे. लॉगचे रिग्रेशन भूमितीमध्यांचे गुणोत्तर देते. गटागटांतला विखुरलेपणा वेगळा असला की साध्या सरासरीविषयी ते दिशाभूल करू शकते. सांतोस सिल्वा आणि तेन्रेयरो यांनी २००६ मध्ये देशादेशांतल्या व्यापाराच्या समीकरणांबाबत हाच आक्षेप घेतला आणि पॉइसन पद्धतीचे रिग्रेशन सुचवले, ज्यात राशीचा लॉग न घेता तिच्या सरासरीचा लॉग मांडतात. त्यातही e चा सहगुणकाइतका घातच घ्यायचा असतो, पण मिळते ते साध्या सरासऱ्यांचे गुणोत्तर. सरकारी योजनेचा एकूण खर्च किंवा एकूण उत्पन्न यांचा प्रश्न असेल, तर मला हीच पद्धत योग्य वाटते.

याच पद्धतीचा दुसरा उपयोग शून्यांच्या बाबतीत होतो. शून्याचा लॉग नसतो, म्हणून उत्पन्नात एक मिळवून लॉग घेण्याची सवय सर्रास दिसते, आणि ती मोडली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. कुणाचे उत्पन्न शून्यावरून १०० रुपये झाले. रुपयांत मोजले तर लॉगमधली वाढ ४.६२, पैशांत मोजले तर ९.२१, हजार रुपयांत मोजले तर अवघी ०.०९५. माणूस तोच, पैसे तेच, आणि उत्तर एककावर अवलंबून. चेन आणि रॉथ यांनी २०२४ मध्ये दाखवून दिले, की काही जण शून्यातून बाहेर पडत असतील तर केवळ एकक बदलून सरासरी परिणाम हवा तेवढा मोठा किंवा छोटा करता येतो. अशा सहगुणकाला टक्क्यांचा अर्थच उरत नाही. तेव्हा किती जणांना उत्पन्न मिळू लागले हे वेगळे सांगावे, ज्यांना आधीपासून मिळत होते त्यांचे किती पट झाले हे वेगळे. आणि एकच आकडा हवा असेल तर शून्ये आहेत तशी ठेवून पॉइसन रिग्रेशन करावे.