बाजू बदललेलं नाटक : आंद्रेई वायदाचा 'दाँतों'

मित्रहो, नाटकाचा चित्रपट करायचा म्हटलं की काय गाळायचं, यावरच सगळा काथ्याकूट होतो. पोलिश दिग्दर्शक आंद्रेई वायदाच्या 'दाँतों' या चित्रपटाच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट घडली. नाटक ज्याच्या बाजूने बोलतं, त्याच्या समोरच्या बाजूला चित्रपट जाऊन बसला.

मूळ नाटक पोलिश लेखिका स्तानिस्वावा प्शिबिशेफ्स्का हिचं, १९२९च्या सुमाराचं. त्यात फ्रेंच राज्यक्रांतीतले दोन पुढारी समोरासमोर आहेत : सत्तेवरचा रोबेस्पिअर आणि त्याच्या विरोधात गेलेला दाँतों. तिची सारी निष्ठा रोबेस्पिअरवर. वायदाने ते १९७५ साली वॉर्सात रंगमंचावर आणलं. रोबेस्पिअर होता वोयचेख प्शोनियाक. १९८३च्या चित्रपटातही तोच आहे. मधल्या काळात, डिसेंबर १९८१मध्ये, पोलंडवर लष्करी कायदा लादला गेला आणि चित्रीकरण फ्रान्समध्ये करावं लागलं. कथा १७९४च्या वसंतातली, पॅरिसची. पण पोलिश प्रेक्षकाला त्यात स्वतःचा देश दिसणं अटळ होतं.

नटांची वाटणी पाहा. दाँतोंच्या गोटात फ्रेंच नट, रोबेस्पिअरच्या गोटात बहुतेक पोलिश. फ्रेंच आवृत्तीत प्शोनियाकला दुसऱ्याचा आवाज दिलाय. एरवी ओठ आणि शब्द यांतली अशी फट खटकते. माझ्या मते इथे ती त्या ताठ, आखडलेल्या माणसाला शोभून दिसते.

आता जेवणाचा प्रसंग. दाँतों म्हणजे जेरार देपार्द्यू. त्याने पंचपक्वान्नांचं ताट मांडलंय, रोबेस्पिअर घासालाही शिवत नाही. दाँतों चिडून भांडी खाली लोटतो. मग प्याला काठोकाठ भरतो. रोबेस्पिअर तो उचलतो आणि थेंबही न सांडता तोंडाला लावतो. नाटकात दोघांचा वाद शब्दांचा आहे. कॅमेरा हातापाशी आला, की एक देह मोकळा आणि एक देह आवळलेला दिसतो. युक्तिवाद रोबेस्पिअरचे कितीही बिनतोड असोत, आपण मोकळ्या देहाकडे झुकतो.

उरलेलं काम दोन जोड प्रसंग करतात. हे नाटकात नाहीत. चित्रकार दावीदच्या चित्रशाळेत क्रांतीतल्या एका प्रसंगाचं अपुरं भव्य चित्र आहे. त्यातून दाँतोंचा साथीदार फाब्र देग्लांतीन याला काढून टाकायला रोबेस्पिअर सांगतो. फाब्र त्या प्रसंगी हजर होता, असं सांगूनही रोबेस्पिअर ऐकत नाही. स्टालिनच्या काळात छायाचित्रांतून माणसं पुसली जात, हे ठाऊक असलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरजच नव्हती.

दुसरा प्रसंग टबात उभ्या असलेल्या लहान मुलाचा. रोबेस्पिअर राहतो त्या घरातली बाई त्या मुलाला अंघोळ घालताना क्रांतीने काढलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा पाठ करून घेते. शब्द चुकला की हातावर फटका.

दाँतोंवरच्या खटल्याच्या प्रसंगात एक धोका होता : भाषणांवर भाषणं, आणि पडद्यावर भाषण लवकर थकवतं. त्यावर उपाय म्हणून दाँतोंचा आवाजच बसत जातो. बोलणं हेच ज्याचं शस्त्र, तो घोगऱ्या घशाने गर्दीपर्यंत पोहोचायची धडपड करतो आणि आपण शब्दांपेक्षा त्या घशाकडे कान लावतो.

५ एप्रिलला दाँतोंच्या मानेवर गिलोटिन पडतं. मग रोबेस्पिअरच्या बिछान्यापाशी त्या मुलाला आणून उभं करतात. रोबेस्पिअर तापाने घामेजलेला. मुलगा जाहीरनामा म्हणायला लागतो, आणि या वेळी एकही शब्द चुकत नाही.