तीळ कुठे गेला?

नमस्कार. मी व्यवसायाने फोटोग्राफर. सत्तावीस वर्षं माणसांचे चेहरे टिपतेय. त्यामुळे रूपावर बोलायचं म्हटलं की मला आधी कॅमेराच आठवतो. तिथूनच सुरुवात करते.

गेल्या वर्षी सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. अर्जाला लावायला साधा फोटो हवा होता. खुर्चीत बसायच्या आधीच तिनं मोबाईल पुढे केला. "मॅडम, माझं नाक असं पसरट येतं. तेवढं बारीक कराल?" सेल्फी दोन बोटांनी मोठा करून तिनं नाकाच्या दोन्ही कडांवर नखानं रेघा ओढून दाखवल्या. कुठवर कापायचं, हे तिचं ठरलेलं होतं. त्या नखाच्या रेघा माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

मी दोन मीटरवरून फोटो काढला आणि आहे तसा स्क्रीनवर लावला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही काही केलंत का?" मी म्हटलं, "नाही गं, हात लावला नाही."

सेल्फी काढताना कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम फूटभर असतो. कानांपेक्षा नाक त्याच्या बरंच जवळ येतं, आणि जवळची वस्तू मोठी दिसते. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जननी २०१८ साली याचा हिशेब मांडला. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोशी ताडून पाहिलं, तर बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के जास्त रुंद दिसतं. ती मुलगी अंतरामुळे झालेली गडबड रोज आपल्या चेहऱ्याच्या खात्यावर मांडत होती.

तेव्हा मला वाटलं, चला, प्रश्न सुटला. रात्री लक्षात आलं की सुटला नव्हता. समजा, तिचं नाक खरोखरच पसरट असतं तर? तर मी काय सांगणार होते तिला?

आपली भाषाच बघा. कुठलंही काम अडलं की आपण सहज म्हणतो, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ऐकणारी नकटी असेल तर तिला काय वाटत असेल, हे मी तरी कधी थांबून पाहिलं नव्हतं. "रंगानं सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." हे कौतुक म्हणून बोललं जातं. त्यातला 'पण' मात्र त्या मुलीला आयुष्यभर ऐकू येतो. मुलांचीही सुटका नाही. किडकिडीत, ठेंगू, टकल्या, ही तर हाक मारायची नावं होऊन बसतात. आणि "बारीक झालीस गं!" हे तर आपण भेटताक्षणी आनंदानं म्हणतो. समोरचीचं वजन आजारानं उतरलंय की उपाशी राहून, हे विचारायचं सुचतही नाही.

मग ही मोजपट्टी येते कुठून? १९४० च्या दशकात अमेरिकेत डॉक्टर रॉबर्ट डिकिन्सन आणि शिल्पकार एब्रम बेल्स्की यांनी 'नॉर्मा' नावाचा पुतळा केला. सुमारे १५,००० तरुण गोऱ्या स्त्रियांच्या मापांची सरासरी काढून तो घडवला होता. नाव नॉर्मा, म्हणजे 'नॉर्मल' स्त्री. १९४५ साली क्लीव्हलंड शहरात स्पर्धा जाहीर झाली, हुबेहूब नॉर्मासारखी कोण? ३,८६४ जणींनी आपली मापं पाठवली. नऊच्या नऊ मापांत जुळणारी एकही निघाली नाही. नऊपैकी पाच मापांत जुळणाऱ्याही चाळीसच्या आत होत्या. सरासरी कागदावर काढता येते, पण तशी बाई जन्माला येत नाही. एवढं समोर आल्यावर पट्टीच चुकली असं म्हणायला हवं होतं. स्पर्धा मात्र पार पडली, त्यातल्या त्यात जवळची एक विजेती म्हणून निवडली गेली.

पट्टी किती लवकर रुजते, त्याचं उदाहरण फिजीचं आहे. ते मला फार अस्वस्थ करतं. तिथे भरदार अंगाला मान होता. कुणाची भूक मंदावली, अंग उतरलं, की घरचे काळजीत पडायचे. बारीक व्हायला धडपडणं हा विचारच तिथला नव्हता. १९९५ मध्ये नाद्रोगा भागात टीव्ही आला, तोही एकच चॅनेल. ॲन बेकर या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी टीव्ही आला त्याच सुमाराला तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली आणि तीन वर्षांनी पुन्हा केली. वजन कमी करायला मुद्दाम ओकाऱ्या काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. १९९८ मध्ये असं करणाऱ्या मुली ११.३ टक्के निघाल्या. आपण फार जाड आहोत असं कधी ना कधी वाटतं, असं ७४ टक्के मुलींनी सांगितलं. दोन्ही वेळी मुली साठ-पासष्टच होत्या, त्यामुळे आकडे लहान आहेत हे खरं. तरी ही पट्टी थेट मुलींच्या शरीरात शिरली. एखादी मुलगी जेवून उठते आणि घशात बोटं घालते, हे डोळ्यांपुढे आणा. तीन वर्षांपूर्वी तिला हे कुणी सांगितलं असतं, तर तिला त्याचा अर्थही लागला नसता.

आणि ही नजर एकदा आत शिरली की बघायला दुसरं कुणी लागत नाही. १९९८ साली अमेरिकेतच झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थिनींना एकेकटं, आरसा असलेल्या खोलीत बसवलं. काहींना स्वेटर घालायला दिला, काहींना पोहण्याचा पोशाख. मग गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना गणितं कमी आली. मुलांच्या बाबतीत तसा फरक पडला नाही. खोलीत बघणारं कुणीही नव्हतं, हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं. मनाचा एक कोपरा सतत 'मी कशी दिसते' यावर पहारा देत बसला, तर गणिताला उरतं किती? फोटो काढून घेणाऱ्या बायकांत मी हे रोज बघते. बोलताना हात आपोआप पोटावर जातो, हसताना तोंडावर. आपला हात कुठे गेलाय, हे त्यांना माहीतही नसतं.

फ्रान्समध्ये २०१७ पासून जाहिरातीत मॉडेलचं शरीर बारीक वा जाड करून दाखवलं तर तसं छापावं लागतं. नॉर्वेनंही २०२२ पासून असा नियम आणला. चांगलं आहे. पण फिल्टर आता प्रत्येकाच्या हातात आहे, आणि माझ्यासारख्या छोट्या फोटोग्राफरला कोण विचारतो? म्हणून माझं सांगते.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका बाईंचा फोटो मी काढला होता. साठीच्या असतील. हनुवटीवर डावीकडे मोठा तीळ, त्यात दोन केस. मी न विचारता तो पुसला. सुरकुत्याही हलक्या केल्या. त्यांना छान वाटेल, असं मला खरंच वाटलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. पैसे दिले आणि फोटो घेऊन गेल्या.

पुढे त्या वारल्यानंतर त्यांचा मुलगा तोच फोटो मोठा करून घ्यायला आला. फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "आईचा तीळ कुठे गेला?" लहानपणी झोपताना तो त्या तिळावर बोट ठेवायचा. मी जुन्या डिस्क काढल्या, दोन दिवस शोधलं. मूळ फाइलवरच मी दुरुस्ती सेव्ह केली होती. त्यांचा दुसरा चांगला फोटो घरातही नव्हता.

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे. पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते, म्हणजे मुरूम, ओरखडा, मी विचारून काढते. जे माणसाबरोबर राहणार आहे त्याला हात लावत नाही, आणि मूळ फाइल वेगळी ठेवते. त्या मुलीला तिचा फोटो दिला, तेव्हा नाकाबद्दल मी काहीच बोलले नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या घरात हे नाक आणखी कुणाचं आहे?" ती आईकडे वळली आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारखी आईच्या चेहऱ्याकडे बघू लागली.