फोन कुणाच्या दारातून जातो

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय : ‘आयपी जोडणी आणि घाऊक दूरसंचार कंपन्यांची स्पर्धा’. आयपी म्हणजे इंटरनेटची पद्धत. हे वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एक तर तुम्हाला खरंच रस आहे, नाही तर बाहेरचं ऊन सोसवेना. एप्रिलमधे सोलापुरात पंख्याखाली खुर्ची मिळाली तर माणूस कशावरचंही भाषण ऐकतो, त्यामुळे मी फार हुरळून जात नाही.

माझा हेका जुनाच आहे. मोबाइल कंपन्यांची स्पर्धा आपण रिचार्जवर मोजतो. अठ्ठावीस दिवस, रोजचा दीड जीबी, कुणाचं दहा रुपयांनी स्वस्त. खरी मारामारी होते ती दोन कंपन्यांची जाळी एकमेकांना जिथे जोडली जातात तिथे. तुमचा फोन एका कंपनीचा, सूनबाईंचा दुसऱ्या. मधलं दार कुणीतरी उघडतं म्हणून तुमचं बोलणं होतं. ते दार किती उघडायचं आणि त्याचे किती पैसे घ्यायचे, यावर सगळा धंदा उभा आहे.

आणि घाऊक धंदा सोलापूरकराला मी काय शिकवणार! मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा पिकवणारा एक, खाणारा एक, आणि मधे अडत्या. घाऊक कॅरियर म्हणजे कॉलचा अडत्या. लंडनहून कुणी अशोक चौकात फोन लावला की तिथली कंपनी तो कॉल एका कॅरियरला देते, तो पुढच्याला, असं करत कॉल इथल्या कंपनीच्या दारात येतो आणि ती मिनिटामागे ठरलेले पैसे घेऊन तो आत घेते. २०१६ साली सरकारनं अडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली, तेव्हा यार्डात काय धुमाकूळ झाला ते इथल्या निम्म्या लोकांना माझ्याहून जास्त माहीत आहे. पैसे कुणी कुणाला द्यायचे, एवढाच प्रश्न होता.

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. कॉल फुकट. लोकांनी सिम घेण्यासाठी रांगा लावल्या, आणि मग फोन लागेनात. पलीकडे दुसऱ्या कंपनीचा नंबर असला की टूं टूं टूं. जोडणीचे पोर्ट, म्हणजे दोन जाळ्यांमधल्या वाटा, कमी पडले होते. तेव्हा जोडणी जुन्या पद्धतीची, ई-वन नावाची. एका ई-वनमधून एका वेळी तीस कॉल, एकतिसावा बाहेर उभा. जोडणीच्या जागी हजारात पाचपेक्षा जास्त कॉल तुंबू नयेत असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, नियम होता, तो कुठल्या कुठे राहिला. जिओ म्हणे, हे मुद्दाम पोर्ट देत नाहीत. बाकीचे म्हणाले, फुकटच्या कॉलांचा पूर आणून आमच्या दारात सोडलाय. ऑक्टोबरमधे ट्रायनं एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियावर मिळून ३,०५० कोटींच्या दंडाची शिफारस केली, सर्कलमागे, म्हणजे दूरसंचाराच्या एका विभागामागे, पन्नास कोटी. दोन्ही बाजू थोड्या थोड्या खऱ्या होत्या असं माझं मत आहे. ते एकदा एका मोबाइल दुकानात बोललो तर दोघंही गिऱ्हाईक माझ्यावरच उखडले.

आता माझी आवडती गोष्ट. मागे बसलेल्यांनी ऐकली असेल, त्यांनी चहा घेऊन यावं.

आपल्याकडे मिस्ड कॉल ही भाषा होती. यंत्रमागाच्या कारखान्यात मालक आणि कामगार यांच्यात ठरलेलं असायचं : एक मिस्ड कॉल म्हणजे मागावरचं सुताचं बीम संपलं, दोन म्हणजे माग नीट करणाऱ्या जॉबरला पाठवा, तीन म्हणजे लाइट गेली आणि आम्ही घरी चाललो. चौथा आला तर मालकानं खरोखर उचलायचा, कारण काहीतरी भयंकर झालेलं असायचं. पहिले तीन निरोप, खर्च शून्य पैसे. आता या फुकटच्या घंटीवर देशातल्या बड्या कंपन्या भांडतील, असं कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. पण २०१९ मधे तेच झालं.

तेव्हा दुसऱ्याच्या जाळ्यात कॉल पोचवायला मिनिटाला सहा पैसे द्यावे लागत. २०१५ पासून चौदा होते, ऑक्टोबर २०१७ पासून सहा झाले. जो कॉल लावतो त्याची कंपनी पैसे देते, ज्याच्याकडे कॉल येतो ती घेते. मग शहाण्यानं काय करावं? आपल्या गिऱ्हाइकाच्या फोनची घंटी समोर लवकर बंद करायची. समोरचा आंघोळीत, देवपूजेत, भाकरी थापतोय. हात पुसेपर्यंत घंटी थांबली. तो चांगला माणूस असतो, उलट फोन करतो. झालं! द्यायचे सहा पैसे घ्यायचे झाले. जिओनं घंटी वीस-पंचवीस सेकंदांवर आणली, असाच आरोप बाकीच्यांनी केला, आणि आरोप करता करता एअरटेलनंही पंचवीसवर आणली. माझी बहीण गुडघ्यानं अधू. ती म्हणायची, “दादा, मी पलंगावरून उठेपर्यंत फोन मरतो.” मी तिला हा सहा पैशांचा इंटरकनेक्ट चार्ज समजावून सांगितला. ती म्हणाली, “तुझं ते राहू दे, फोन उशाशी ठेवायला दोरी आण.” शेवटी नोव्हेंबर २०१९ मधे ट्रायनं ठरवून दिलं : मोबाइलची घंटी तीस सेकंद, लँडलाइनची साठ. सहा पैशांपायी देशाच्या घंटीला नियम करावा लागला. आणि १ जानेवारी २०२१ पासून ते सहा पैसेही गेले, देशातल्या देशात शून्य.

पण परदेशातून येणाऱ्या कॉलवर मात्र दर राहिला, २०२० पासून पस्तीस ते पासष्ट पैशांच्या दरम्यान. इथे माझी तक्रार सुरू होते. साडूंचा मुलगा शारजाला आहे. तिकडे व्हॉट्सअॅपचे कॉल चालत नाहीत, म्हणून तो साधा फोन लावतो. आणि आईच्या फोनवर नंबर दिसतो आपल्याच देशातला, दहा आकडी, अनोळखी! ती उचलतच नाही, म्हणते बँकेच्या नावानं फसवणारे असतील. मधल्या कुणीतरी तो कॉल इंटरनेटवरून आणून, खोलीत सिमकार्डांचा डबा लावून, लोकल म्हणून आत घुसवलेला असतो. लोकलला शून्य, परदेशीला पन्नास पैसे, म्हणजे मधले पैसे डबेवाल्याचे. हा गुन्हा आहे, पोलीस धाडी घालतात. मी एका कंपनीच्या ग्राहक सेवेला हे सांगायला गेलो. तिकडची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, “सर, आपण एकदा फोन बंद करून चालू करून बघा.”

(संयोजकांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘सात मिनिटे’. म्हणजे ज्यासाठी बोलावलंत ते आता पळत पळत.)

तर विषय. पूर्वी आवाजासाठी एक नळी, रोमिंगच्या डेटासाठी वेगळी, सिग्नलिंगसाठी, म्हणजे कॉल जोडण्याच्या संकेतांसाठी, तिसरी; प्रत्येकीचा अडत्या वेगळा. आता सगळंच आयपी पॅकेट झालंय. जगभरच्या मोबाइल कंपन्यांची जी संघटना आहे, जीएसएमए, तिनं आयपीएक्स नावाची व्यवस्था आखली : आवाज, रोमिंग, निरोप सगळं एकाच जाळ्यातून, उघड्या इंटरनेटपासून वेगळं, दर्जाची हमी देऊन, आणि दोन टोकांच्या मधे फार तर दोन घाऊक कंपन्या. हे दोनचं बंधन मला फार आवडतं. मधे पाच हात असले की कॉल सर्वांत स्वस्त रस्त्यानं ढकलला जातो, आणि सर्वांत स्वस्त रस्ता बऱ्याचदा त्या डब्यापाशीच जातो.

मग स्पर्धेचं काय? आपल्याकडे परदेशी कॉलची मक्तेदारी विदेश संचार निगमकडे होती. ती २००४ पर्यंत चालायची होती, पण दोन वर्षं आधीच, २००२ मधे मोडली आणि आयएसडीचे भाव कोसळले. तीच कंपनी टाटांकडे गेली. तिनं टायको कंपनीचं समुद्राखालचं केबलचं जाळं १३ कोटी डॉलरला घेतलं, जे बांधायला अब्जावधी लागले होते, मग कॅनडाची टेलिग्लोब घेतली आणि जगातल्या मोठ्या घाऊक कॅरियरांत जाऊन बसली. भाव पडला की छोटे विकले जातात, मोठे जास्त मोठे होतात. युरोपातही बीआयसीएस या घाऊक कंपनीत तिघांची भागीदारी होती, ती २०२१ मधे एकट्या बेल्जियमच्या प्रॉक्सिमसकडे गेली. वर व्हॉट्सअॅपनं मिनिटंच पळवली.

म्हणून मिनिटाच्या भावाकडे बघू नका. आयपीत पोर्ट वाढवायला यंत्रात दर वेळी नवी फळी बसवायला लागत नाही, २०१६ ची सबब आता चालणार नाही. पण दार सरकलंय. आता ते मुंबईच्या किनाऱ्यावर, केबल वर येते त्या स्टेशनात आहे, आणि डेटा सेंटरमधल्या जोडणीत आहे. गूगल, मेटा स्वतःच्या केबल टाकतात. कालचं मोठं गिऱ्हाईक आज प्रतिस्पर्धी. आवाजाच्या जोडणीवर ट्रायचे नियम आहेत; डेटाची जोडणी मुख्यतः आपापसातल्या करारांवर. २००३ पासून निक्सी हे एक्सचेंज, म्हणजे इंटरनेट कंपन्यांची जाळी जोडायची जागा, आहे; तिथे बरीच वर्षं ‘डेटा मागेल तो पैसे देईल’ असा हिशोब चालला. आता मोबाइल कंपन्या म्हणतात, व्हिडिओवाल्यांनी आम्हाला वाटा द्यावा. पुन्हा अडत कुणी द्यायची तेच! माझं म्हणणं, आधी करार उघडे ठेवा, केबल स्टेशनात शिरायचा दर सगळ्यांना सारखा करा, मग वाट्याचं बोला. यावर अजून अर्धा तास —

बरं, बरं, थांबतो. प्रश्न विचारा. फक्त रिचार्ज कुठला मारू हे विचारू नका, माझा मुलगा मारून देतो.