जे आधी होईल ते

(चिपळूण इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

माझ्या आत्याची मारुती 800 आता मी चालवतो. 2006 सालची, पांढरी. माझ्या हातात आली तेव्हा मीटरवर 24,600 किलोमीटर होते. ज्याला ज्याला हा आकडा सांगितला, त्याचा चेहरा उजळला. "अहो, म्हणजे नवीनच की गाडी!" दोघांनी तर गिऱ्हाईक आणतो म्हणून लगेच फोन केले. मी आयटीआयमध्ये बत्तीस वर्षं मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. मला तो आकडा ऐकून काळजी वाटली. ती काळजी कशाची, तेवढंच सांगायला आज आलोय. कारण इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या अंगणात अशी एखादी गाडी असणार. वडिलांची, सासऱ्यांची, परदेशी गेलेल्या भावाची. ताडपत्री घालून ठेवलेली आणि "फारशी चाललेलीच नाही" म्हणून जपलेली.

आधी हिशेब करू. आत्या रत्नागिरीला मुख्याध्यापिका होती. 2006 मध्ये गाडी घेतली आणि 2018 पर्यंत चालवली. मग गुडघे साथ देईनात, म्हणून गाडी तीन वर्षं शेडमध्ये उभी राहिली. 24,600 ला बारा वर्षांनी भागलं की वर्षाला 2,050 किलोमीटर येतात, म्हणजे दिवसाला जेमतेम साडेपाच. घर ते शाळा, शाळा ते बाजार, बाजार ते घर. एका वेळी दोन किलोमीटरच्या वर गाडी गेलीच नाही म्हणा ना.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळलं की साधारण एक लिटरभर पाणी तयार होतं. पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो, त्याचं ते पाणी. गाडी लांब गेली की सायलेन्सर तापतो आणि पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. दोन किलोमीटरवर गाडी बंद केली, तर सायलेन्सर कोमट होण्याच्या आतच प्रवास संपतो. पाणी आत साचतं आणि पत्रा आतून खातं. थोडी वाफ पिस्टनच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्येही मिसळते. ऑइल तापलं असतं तर ती उडून गेली असती, पण तापायला वेळच मिळत नाही. आत्याच्या गाडीचं ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर त्याच्या आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पिवळसर थर होता. मी त्यावर बोट फिरवून वर्गातल्या मुलांना दाखवावं तसं मुलाला दाखवलं. बारा वर्षांच्या छोट्या फेऱ्या त्या सायीत होत्या.

गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं, त्यात सर्व्हिसचा तक्ता असतो. त्याच्या डोक्यावर एक वाक्य छापलेलं असतं. इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यापैकी जे आधी होईल ते. आपण सगळे पहिला आकडा वाचतो. रोज पन्नास किलोमीटर फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीला पहिला आकडा लागू पडतो. आत्यासारख्या माणसाला कायम दुसरा. तिच्या गाडीचे महिने दर वेळी आधी भरत होते आणि सगळे जण मीटरकडे पाहून "अजून वेळ आहे, बाई" म्हणत होते.

हे मी अंदाजाने बोलत नाही. डॅशबोर्डच्या खणात तिची वही होती. शाळेतली दुरेघी वही, वर खाकी कव्हर. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, मीटरचा आकडा. बारा वर्षं एकही नोंद चुकवलेली नाही. मी ती वही एका रात्रीत वाचून काढली. डॉक्टरच्या हातात पेशंटची जुनी फाइल यावी, तसं झालं मला. त्यात ऑइल बदलल्याच्या नोंदी मोजून तीन. ब्रेक ऑइलची एकही नाही. आणि पेट्रोल? दर वेळी पाच लिटर. टाकी 28 लिटरची आणि भरायची पाच. म्हणजे टाकी कायम चार हिस्से रिकामी. कोकणातली दमट हवा त्या मोकळ्या जागेत भरणार, रात्री गारव्याला तिचे थेंब टाकीच्या पत्र्यावर धरणार आणि ओघळून तळाला जाणार. टाकी उतरवून उलटी केली, तेव्हा आतून तपकिरी पाणी आलं. पेट्रोलचा पंप त्याच टाकीत बुडालेला असतो. तो जाम झाला होता. वही वाचली नसती तर मी पंप बदलून मोकळा झालो असतो आणि नवा पंपही त्याच पाण्यात घातला असता.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी बाहेर काढली. इथे एक विनंती करतो, अगदी हात जोडून. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीला पहिल्या दिवशी नवी बॅटरी लावून सेल्फ मारू नका. लोकांना घाई होते. चालू झाली की छान वाटतं, मलाही वाटतं. पण सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल केव्हाच खाली उतरलेलं असतं. कोरड्या भिंतीवर पिस्टनच्या रिंगा घासल्या की पहिल्या मिनिटातच नुकसान होतं. आम्ही तिन्ही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. आधी अडलं, मग तेलातला स्क्रू फिरावा तसं मऊ फिरलं. त्यानंतर जुनं ऑइल आणि फिल्टर, सडलेलं पेट्रोल, रेडिएटरमधलं गंजाचं पाणी, सगळं काढून टाकलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कापसाचं घरटं केलं होतं. डबा न उघडता सेल्फ मारला असता तर ते सगळं इंजिनाच्या तोंडाशी खेचलं गेलं असतं. हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे मागचे ब्रेक लायनर ड्रमला चिकटले होते, ते रबरी हातोड्याने ठोकून सोडवले. म्हणून गाडी बराच काळ उभी करायची असेल तर गिअरमध्ये टाका, चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक मोकळा ठेवा.

तुमच्या गावात बोलतोय, तर पुराच्या पाण्याचंही सांगतो. जुलै 2021 मध्ये इथे किती गाड्या बुडाल्या, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पाण्यातून निघालेल्या गाडीची चावी फिरवायची नाही. आधी बॅटरीची तार सोडवायची आणि मिस्त्री येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते भरलेलं असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता रबराकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. लोखंड चालून झिजतं, रबर नुसतं वयाने मरतं. गाडी चालो न चालो, ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन त्याचं काम करतच असतात.

टायर घ्या. टायरच्या कडेला लांबट खाचेत चार आकडे असतात. घरी गेल्यावर टॉर्च घेऊन बघा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आत्याच्या स्टेपनीवर 2306 होतं. म्हणजे 2006 सालचा तेविसावा आठवडा. ही स्टेपनी कधी जमिनीला लागलेलीच नव्हती. कारखान्यातून येताना रबराचे जे बारीक केस असतात, तेही शाबूत. माझा मुलगा म्हणाला, "बाबा, ही तरी ठेवू या, कोरी आहे." मी दोन्ही अंगठ्यांनी कडेचं रबर जरा वाकवलं. उन्हाळ्यात शेताला पडतात तशा भेगा उघडल्या, आणि एका भेगेत आतले धागे दिसले. पंधरा वर्षांची कोरी स्टेपनी. ती लावून कुणी हायवेला गेलं असतं तर काय झालं असतं, हा विचार आजही नको वाटतो. पाचही टायर बदलले.

तसाच टायमिंग बेल्ट. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, फिरवायला साखळी नाही, दात असलेला रबरी पट्टा आहे. तो प्लॅस्टिकच्या कव्हरमागे लपलेला असतो, त्यामुळे कुणाच्या नजरेत येत नाही. गाडी माझ्याकडे आल्यावर मी एका गॅरेजमध्ये विचारलं, तर "लाखभर किलोमीटरला बघू" असं उत्तर मिळालं. लाखभर! आत्याच्या वेगाने लाख व्हायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली असती. मी कव्हर उघडून पट्टा उलटा वाकवला, तर दातांच्या मुळाशी चिरा. हा पट्टा तुटायच्या आधी आवाज करत नाही, दिवा लावत नाही. आंबा घाटात, वळणावर, मागे ट्रक असताना इंजिन एकदम बंद पडेल आणि ब्रेकचा पेडल दगडासारखा होईल. गाडी वारशाने आली आणि बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल, तर पहिला खर्च त्याचा करा. म्यूझिक सिस्टिम आणि सीट कव्हर नंतर.

पेट्रोलच्या रबरी नळ्याही मी सगळ्या बदलल्या. आज पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही गाडी बनली तेव्हा तेवढ्या इथेनॉलचा विचार करून रबर निवडलेलं नव्हतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. जी गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, तिच्यासाठी ही दुहेरी अडचण. ब्रेक ऑइलही असंच हवेतलं पाणी पितं. ते दर दोन वर्षांनी बदलायचं, मग गाडी दोनशे किलोमीटर चालली असो वा वीस हजार.

पत्र्याचं थोडक्यात सांगतो. पायाखालचं मॅटिंग उचला, नुसतं वरचं पायपुसणं नाही. आत्याकडे ड्रायव्हरच्या बाजूला ते उचललं, तर खाली ओला फोम आणि त्याखाली पत्र्याला तळहाताएवढं भोक. त्यातून खालची जमीन दिसत होती. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोकं असतात, ती पानांच्या चुऱ्याने बुजतात. सायकलच्या आऱ्याने वर्षातून एकदा मोकळी करा. आणि गंज खरवडून काढल्याशिवाय खालून काळं कोटिंग मारून घेऊ नका. वरून गाडी झकास दिसते, पण आत कोंडलेली ओल पत्रा खातच राहते. आम्ही सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला, रेड ऑक्साइड लावलं आणि मग कोटिंग.

सामानाची फार चिंता करू नका. ही गाडी डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या. ओम्नीच्या पोटात हेच 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन होतं आणि ओम्नी 2019 पर्यंत बनत होती. इंजिनाचं सामान मिळतं. काचेच्या पट्ट्या, दरवाजाची रबरं, आतली प्लॅस्टिकची बटणं मिळवताना मात्र दमछाक होते. त्यामुळे जुनं काढताना तोडू नका.

कागदांबद्दल बोललंच पाहिजे, कारण दुःखात तेच राहून जातं. मालक गेल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. विम्याची मुदतही मालकाच्या मृत्यूनंतर फार तर तीन महिने, किंवा पॉलिसी त्याआधी संपत असेल तर तेवढीच. आत्या 2021 च्या फेब्रुवारीत गेली. चुलत भावंडांची संमतिपत्रं गोळा करून मी नाव वेळेत बदललं. पण सप्टेंबरमध्ये गाडीला 15 वर्षं पूर्ण होत होती, आणि पुनर्नोंदणी मी काम पुरं झाल्यावर करू म्हणून लांबवली. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क 600 वरून 5,000 झालं, वर उशिराच्या दर महिन्याला 500. माझी ही चूक तुम्ही करू नका. 20 वर्षं ओलांडलेल्या मोटारीला तर 2025 पासून ते शुल्क 10,000 आहे. गाडी ठेवायची की नाही, हा निर्णय पाना हातात घेण्याआधी हा खर्च धरूनच करा. मी ठेवली, कारण त्या वहीतल्या नोंदी मला मध्येच थांबवायच्या नव्हत्या.

मघाशी पुढच्या रांगेतल्या वहिनींनी चिठ्ठी पाठवली आहे. यजमानांची गाडी आहे, मुलगा पुण्याला असतो, त्या रोज सकाळी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात, ते बरोबर आहे का? वहिनी, तुमची माया मला कळते. पण हे बंद करा. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, ते मघाचं पाणी मात्र रोज थोडं थोडं आत साचतं, आणि सेल्फने खाल्लेली बॅटरीही भरून निघत नाही. त्याऐवजी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, कुणाला तरी शेजारी बसवून गुहागरच्या रस्त्याला वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन या. चौथ्या गिअरमध्ये पळू द्या, चार वेळा ब्रेक नीट दाबा, परत येताना टाकी भरा. तुम्ही स्वतः चालवत नसाल तर मुलाला म्हणावं, महिन्यातून दोनदा तरी ये आणि गाडी काढ.

आत्याची गाडी बाहेर वडाखाली उभी आहे. रत्नागिरीहून तिनेच आलो. मीटर आता 39 हजारांच्या पुढे गेलाय. चहा झाला की बॉनेट उघडतो आणि टायमिंग बेल्टचं कव्हर कसं काढायचं ते दाखवतो. दोन-तीन जणांनी मोबाइलचा टॉर्च धरायला या. ती वहीही खणात आहे, कुणाला बघायची असेल तर. हात मात्र पुसून घ्या.