सहा जणांच्या टेबलावरची हलकी पानं

मित्रहो, आपल्यातले बरेच जण तीन पत्तीवर वाढले आहेत. तिथे बूट, म्हणजे डावाआधीचे सक्तीचे पैसे, सगळेच भरतात. टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारात प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात आणि पाच सामाईक पानं टेबलावर उघडतात. त्यात सक्तीचे पैसे दोघांनाच भरावे लागतात: एकाला छोटा ब्लाइंड, त्याच्या पुढच्याला दुप्पट, म्हणजे मोठा. ही पाळी फिरत राहते आणि एका फेरीत प्रत्येकाच्या खिशातून दीड मोठा ब्लाइंड जातो. नऊ जण असतील तर फेरी नऊ डावांची, तिघं असतील तर तीनच डावांची.

आता समजा, एखाद्यानं ठरवलं की हातात जोडी आल्याशिवाय खेळायचंच नाही. जोडी सरासरी १७ डावांत एकदा येते, माणसं कितीही असोत. तेवढ्या वेळात नऊ जणांच्या टेबलावर त्याचे जेमतेम तीन मोठे ब्लाइंड जातात. सहा जणांत सव्वाचार. तिघांत साडेआठ. एवढं भरून जोडी आली आणि समोरच्यांनी पानं टाकून दिली, तर हाती लागतो फार तर दीड ब्लाइंड. म्हणून कमी माणसांच्या खेळात हलकी पानं खेळावीच लागतात. कोणती आणि कुठून, एवढाच प्रश्न उरतो, आणि इथेच माणसं बुडतात.

कमी माणसांत पानांची किंमत बदलते, पण सगळ्यांची सारखी नाही. दोन वेगळी पानं हातात असतील, तर फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर, निदान एक जोडी जमण्याची शक्यता साधारण ३२ टक्के असते. म्हणजे तीनपैकी दोनदा काहीच जमत नाही. पाच जण डावात असले तर कुणाला ना कुणाला काही लागलेलं असतं. दोघंच असले तर अनेकदा दोघांनाही काही लागत नाही, आणि तेव्हा नुसतं मोठं पान जिंकतं. म्हणून राजा-दुर्रीसारखा, भरल्या टेबलावर कुणी ढुंकूनही पाहू नये असा हात, एकाच प्रतिस्पर्ध्याच्या कुठल्याही पानांविरुद्ध निम्म्याहून किंचित जास्त वेळा जिंकतो. उलट एकाच रंगाची पंजी-चौकी दिसायला देखणी, पण तिथे ती ४१ टक्क्यांच्या आसपास राहते. तिला सिक्वेन्स किंवा फ्लश (पाचही पानं एका रंगाची) लागल्यावर पैसे देणारी चार माणसं हवी असतात, आणि छोट्या टेबलावर ती नसतात. नवे खेळाडू हेच नेमकं उलटं करतात. सर्वांत वाईट हात सत्ती-दुर्री, असं सगळे म्हणतात. दोघांच्या खेळात तो मान तिर्री-दुर्रीकडे जातो, साधारण ३२ टक्के.

हलक्या पानांचा विषय निघाला की कुणीतरी डॉयल ब्रन्सन यांचं नाव घेतंच. त्यांनी १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हातात दश्शी-दुर्री होती. त्या हाताला आजही त्यांचंच नाव आहे. पण ते डाव नीट बघा. १९७६ च्या फ्लॉपवर एक्का, गुलाम, दश्शी उतरली. समोर जेसी आल्टो यांच्याकडे एक्का-गुलाम, म्हणजे दोन जोड्या तयार. १९७७ ला दश्शी, अठ्ठी, पंजी. समोर गॅरी बर्लंड यांच्याकडे नेमकी अठ्ठी-पंजी. फ्लॉपवर ब्रन्सन दोन्ही वेळा मागे होते. दोन्ही वेळा टर्नवर, म्हणजे चौथं सामाईक पान, दुर्री आणि रिव्हरवर, म्हणजे पाचवं, दश्शी येऊन फुल हाउस झालं: तीन दश्शा, दोन दुर्र्या. त्यांच्या थोरवीबद्दल मला नितांत आदर आहे. पण ती थोरवी या दोन डावांत शोधू नका. तिथे दोघंच उरले होते, हेही विसरू नका. सहा जणांत पहिल्या जागेवरून दश्शी-दुर्री खेळणारा निव्वळ पैसे वाटत असतो.

जागा म्हणजे काय ते सांगतो. पहिल्या जागेवरून, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या लगेच पुढून, बोलणाऱ्याच्या मागे पाच जण बाकी असतात. त्यातल्या एकाकडे तरी पहिल्या दहा टक्क्यांतला हात असण्याची शक्यता ४१ टक्के. बटणावर, म्हणजे पानं वाटणाऱ्याच्या जागेवर, बसलेल्याच्या मागे दोनच ब्लाइंड, तिथे ती १९ टक्के. शिवाय फ्लॉपनंतर बटण सगळ्यांत शेवटी बोलतं. वेगवेगळ्या रंगांची राणी-नव्वी पहिल्या जागेवर टाकायची आणि बटणावर उचलायची, ती यासाठी. उचलायची म्हणजे रेज करायची, बोली वाढवायची. अडीच ब्लाइंडचा रेज केला, तर ब्लाइंडवरच्या दोघांनी १०० पैकी साधारण ६३ वेळा पानं टाकली तरी तो रेज तेवढ्यावरच फिटतो. कुणी कॉल केलाच, म्हणजे तेवढेच पैसे भरून डावात राहिलंच, तर राणी-नव्वीनं जिंकलेलं ते सगळं वरकड.

२०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांचा प्लुरिबस हा प्रोग्राम सहा जणांच्या नो-लिमिट, म्हणजे बोलीला मर्यादा नसलेल्या, खेळात अव्वल व्यावसायिकांविरुद्ध जिंकला. माणसांचे डाव न बघता, स्वतःशीच खेळून तो शिकला होता. डावात पहिल्यांदा उतरताना नुसता कॉल करणं चूक, हे जुन्या खेळाडूंचं मत त्यानंही उचलून धरलं. अपवाद एकच जागा, छोटा ब्लाइंड.

मोठ्या ब्लाइंडचं गणित वेगळं. बटणानं अडीचचा रेज केला आणि छोट्या ब्लाइंडनं पानं टाकली, तर तुम्हाला दीड भरून चार जिंकायचे असतात. २७ टक्के पुरतात. सत्ती-दुर्रीलासुद्धा कागदावर तेवढं जमतं. पण पुढचे तिन्ही टप्पे तुम्हाला आधी बोलायचं असतं, आणि कागदावरचे ते टक्के तिथे पुरते वसूल होत नाहीत. राजा-सत्ती असेल तर भरा. सत्ती-दुर्री टाका, आणि पुढच्या डावाची पानं उचला.