इथं रात्री कोण झोपतं?

नमस्कार श्रोतेहो.

31 डिसेंबर 2023 ची पहाट. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. कामगार कारखान्यातच झोपलेले होते. 6 जण गेले. पुढं 3 एप्रिल 2024 ला, त्याच शहराच्या छावणी भागात, पहाटेच एका टेलरिंगच्या दुकानाला आग लागली. दुकानाच्या वर राहणारं कुटुंब धुरानं गुदमरलं. 7 जीव गेले, त्यात लहान लेकरंही होती.

आग कशानं लागली याची चर्चा अशा वेळी बरीच होते. शॉर्ट सर्किट झालं असावं, असं छापून येतं आणि विषय मिटतो. मी कामाच्या जागांची, सार्वजनिक इमारतींची आगीच्या दृष्टीनं पाहणी करतो. कुठल्याही दुकानात, गोदामात, वसतिगृहात पाऊल टाकलं की माझा पहिला प्रश्न असतो, इथं रात्री कोण झोपतं? मालक बहुतेक वेळा म्हणतो, कुणी नाही. मग मी मागच्या बाजूला जातो. तिथं दोरीवर कपडे वाळत असतात, कोपऱ्यात गॅसची छोटी टाकी असते, भिंतीला गुंडाळून ठेवलेली अंथरुणं असतात. हजेरीपटावर ही माणसं नसतात. आग मात्र हजेरीपट बघून लागत नाही.

आगीच्या जोखमीचं मूल्यांकन म्हणजे हेच. आग कुठं लागू शकते, लागली तर कशाकशाला धरेल, त्या वेळी आत कोण असेल आणि ते कसे बाहेर पडतील, हे आग लागायच्या आधी, शांत डोक्यानं, पायी फिरून बघायचं. खुर्चीत बसून, छापील फॉर्मवर खुणा करून हे होत नाही. इमारत सगळ्यात जास्त झाडणाऱ्या मावशींना, वॉचमनला आणि हमालांना माहीत असते. कुठला बोर्ड गरम होतो, कुठल्या खोलीत जळकट वास येतो, कुठलं दार पावसाळ्यात फुगून बसतं, हे त्यांना विचारावं. मालकाला यातलं निम्मंसुद्धा ठाऊक नसतं.

आता दाराची गोष्ट. परभणीकडच्या एका मोठ्या गोदामाला मागं चांगलं रुंद लोखंडी दार होतं, वर हिरव्या अक्षरांत ‘आपत्कालीन मार्ग’ लिहिलेलं. दाराला मोठं कुलूप. वॉचमन मामांना विचारलं, किल्ली कुठंय? ते म्हणाले, “किल्ली शेठकडं राहते साहेब. इकडं चोऱ्या व्हायल्यात ना, म्हणून कुलूप.” शेठ राहतात गावात, गोदामापासून बऱ्याच लांब. चोरीची भीती खोटी नाही, मामांचं म्हणणं मला पटलं. पण त्यावर उपाय आहे. बाहेरून न उघडणारं आणि आतून आडव्या दांड्याला ढकललं की उघडणारं दार बाजारात मिळतं, त्याला पॅनिक बार म्हणतात. तेवढा खर्च लगेच जमत नसेल तर निदान आतून हातानं सरकवता येईल अशी कडी लावा आणि कुलूप काढा. माणसं आत असताना बाहेर पडायच्या दाराला कुलूप नको. यात मी कुणालाही सूट देत नाही.

दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, हेही तितकंच महत्त्वाचं. घाबरलेली गर्दी दारावर येऊन दाबते. आत उघडणारं दार मग कुणालाच ओढता येत नाही.

लातूरचा शिकवणीचा भाग तुम्ही पाहिला असेल. सगळ्या मराठवाड्यातून, किंबहुना राज्यभरातून मुलं तिथं येतात. क्लास, अभ्यासिका, मेस, होस्टेल, सगळं एकाला एक लागून. मुलं जीव ओतून अभ्यास करतात आणि आई-बाप पोटाला चिमटा घेऊन त्यांना तिथं ठेवतात. अशाच एका तिसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासिकेचा जिना मी अजून विसरलो नाही. एकच जिना. खालच्या पायऱ्यांशी वीजमीटरांची रांग, त्याच्या शेजारी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, आणि मीटरांना टेकून मुलांच्या दुचाकी लावलेल्या. वर प्लायवूडची खोकी करून प्रत्येकाला बसायला जागा दिलेली. खिडक्यांना जाड लोखंडी जाळी, त्यावर जाहिरातीचा मोठा फ्लेक्स. आग लागायची जागा खाली, माणसं वर, आणि मधला एकमेव रस्ता तोच जिना. अशा वेळी जिन्याचं धुराडं होतं, सगळा धूर वर चढतो. 24 मे 2019 ला सुरतमध्ये एका व्यापारी इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या क्लासला आग लागली, तेव्हा वाट बंद झाल्यामुळं मुलांनी खाली उड्या टाकल्या. 22 विद्यार्थी गेले.

त्या अभ्यासिकेत काय करायला हवं होतं, त्याला फार पैसा लागत नव्हता. दुचाकी जिन्याबाहेर, बॅटऱ्या दुसरीकडं, खिडकीवरचा फ्लेक्स खाली, एका मोठ्या खिडकीची जाळी आतून उघडेल अशी बिजागरीवर, आणि गच्चीचं दार उघडं. दुसऱ्या जिन्याला खर्च येतो, हे मान्य. तो होईपर्यंत वर किती मुलं बसवायची, यावर मर्यादा घालता येते. आई-बापांनो, लेकराचं नाव घालायला जाल तेव्हा फी विचारता, निकाल विचारता, तसं दुसरा जिना कुठंय हेही विचारा. क्लासवाले तुमचं ऐकतात.

धुराबद्दल थोडं सांगतो, कारण लोक आगीला भितात आणि धुराला हलकं धरतात. इमारतीतल्या आगीत बरीच माणसं ज्वाळा पोचण्याआधीच धुरानं जातात. फोम, रेक्झिन, प्लास्टिक जळताना जो धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस त्यानं जागा होत नाही, उलट आणखी गुंगीत जातो. म्हणून झोपायच्या जागी धुराची सूचना देणारं यंत्र हवंच. बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र दुकानदाराच्या आवाक्यातलं आहे. धूर छताशी साठत खाली येतो, तेव्हा जमिनीलगत वाकून, रांगत बाहेर पडायचं. लिफ्टमध्ये शिरायचं नाही.

आता जिनिंगकडं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांकडं वळतो. कापूस हा आपल्या भागाचा जीव आहे. दसरा-दिवाळीनंतर परभणी, जालना, बीड, नांदेड, सगळीकडं जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात. वेचणीत कापसाबरोबर खडा येतो, खिळा येतो, तारेचा तुकडा येतो. तो रेच्याच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्राच्या, लोखंडावर घासला की ठिणगी उडते, आणि कापूस ओढणाऱ्या पाइपातून ती ठिणगी थेट रुईच्या ढिगात जाऊन पडते. बेअरिंगला वेळेवर ग्रीस मिळालं नाही की ते तापतं. मोटरीवर रुईचा फुफाटा बसतो आणि मोटरीला हवा लागत नाही. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून ठिणगी उडते. कुणीतरी बिडी ओढतो. यातली एकेक गोष्ट साधी वाटते, पण सगळ्या एकाच आवारात, एकाच हंगामात, रात्रंदिवस चालू असतात.

कापसाच्या आगीचा स्वभाव वेगळा आहे. ती वरून विझलेली दिसते आणि आतून धुमसत राहते. दाबलेल्या गाठीच्या पोटात शिरलेली ठिणगी कित्येक तास, कधी काही दिवसही जिवंत राहते, आणि मग भरलेल्या गोदामात मध्यरात्री वर येते. शिवाय कच्च्या रुईला नैसर्गिक मेण असतं, त्यामुळं नुसतं पाणी आत मुरत नाही, वरून ओघळून जातं. पाण्यात साबणासारखं द्रव्य मिसळलं तर ते आत शिरतं. म्हणून ज्या दिवशी प्रेसवर किंवा रेच्यावर ठिणगी दिसली, त्या दिवशीच्या गाठी वेगळ्या काढून उघड्यावर, एकमेकींपासून लांब ठेवाव्यात आणि त्यांच्यावर माणूस ठेवावा. बऱ्याच जिनिंगमध्ये जुने मुकादम हे न सांगता करतात. नवे मालक घाईत गाठी थेट थप्पीला लावतात, तिथं मला भीती वाटते. दोन गंज्यांमध्ये बंब फिरेल एवढी वाट सोडा. हंगाम भरात असताना हीच वाट पहिल्यांदा बुजते. जिनिंगवर कामाला येणारी माणसं परराज्यातलीही असतात, त्यांना मराठीत लावलेली पाटी वाचता येत नाही. पहिल्या दिवशी हात धरून बाहेरची वाट दाखवा, तीच त्यांच्यासाठी पाटी.

पाण्याचा प्रश्न मराठवाड्यातल्या माणसाला मी काय सांगावा! मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते 2016 साल आपण विसरलेलो नाही. टंचाईत लोक आगीसाठी राखलेल्या टाकीचं पाणी वापरायला काढतात. ते समजण्यासारखं आहे, माणूस तहानलेला असताना टाकी भरलेली कशी ठेवायची? पण कडक उन्हाळ्यात, जेव्हा कूलर, पंखे, एसी सगळे एकदम चालू असतात आणि तारांवर सगळ्यात जास्त लोड असतो, नेमकी तेव्हाच टाकी कोरडी सापडते. यावर एक सोपा तोडगा आहे. एकच टाकी असेल तर वापराच्या पाण्याचा पाइप टाकीच्या तळाशी न जोडता वरच्या बाजूला जोडा. मग वापर कितीही झाला तरी खालचं पाणी आगीसाठी आपोआप शिल्लक राहतं. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एकदा झाकण उघडून डोळ्यांनी बघा.

लोडचं म्हणाल तर, बऱ्याच जुन्या इमारतींतली वायरिंग दिवे-पंख्यांच्या काळातली आहे. त्यावर आता एसी, गिझर, झेरॉक्स मशीन. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी त्यात जाड तार घालतं. फ्यूज उडणं म्हणजे तार आपल्याला सावध करत होती, आपण तिचं तोंड बंद केलं. हात लावला की कोमट लागणारा प्लग, तपकिरी पडलेला सॉकेट, चुरचुर आवाज करणारा बोर्ड, यातलं काही दिसलं की त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

दवाखान्यांत हा सगळा विचार आणखी अवघड होतो, कारण तिथली माणसं स्वतः उठून पळू शकत नाहीत. 9 जानेवारी 2021 ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. अशा कक्षात कुठलं बाळ कोण उचलणार, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण कुठल्या दारानं जाणार, ऑक्सिजनचा मुख्य कॉक कुठं आहे आणि तो कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचा, हे रात्रपाळीच्या प्रत्येक सिस्टरला तोंडपाठ हवं. दिवसाच्या बैठकीत डॉक्टरसाहेबांना माहीत असून भागत नाही.

भिंतीवरच्या, आग विझवायच्या लाल सिलिंडरांचं काय, असं तुम्ही विचाराल. ते हवेतच. पण काही सेकंदांत ते रिकामं होतं, हे लक्षात ठेवा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन आणि सील जागेवर आहे का, समोर खोकी रचली नाहीत ना, एवढं महिन्याला बघा. वीजपॅनेलजवळ कार्बन डायऑक्साइडचं, कागद-कापडाच्या जागी एबीसी पावडरचं. पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नका, कढईवर झाकण घाला आणि गॅस बंद करा. मंगल कार्यालयवाल्यांनो, मंडपाच्या कापडाला लागून आचाऱ्याची भट्टी लावू देऊ नका. आग विझवायचं सिलिंडर वापरायचं कसं, हे तिथल्या दोघा-तिघांनी हातात धरून शिकलेलं असावं. आणि पाठीमागं बाहेर जायची वाट मोकळी असेल तरच आग विझवायला थांबावं.

कायदाही सांगून ठेवतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणं ही जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची आहे. म्हणजे भाडेकरू हात झटकू शकत नाही. इमारतीत बसवलेली आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, नमुना ‘ब’, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. काही ठिकाणी ते इमारत न बघताच लिहिलं जातं. अशा कागदावर कृपा करून सही घेऊ नका. तपासणीला आलेल्या माणसाला पंप चालू करून दाखवायला सांगा, होजमधून, म्हणजे आगीसाठीच्या लांब नळीतून, पाणी काढायला लावा.

इमारतीत बदल झाला की पाहणी पुन्हा करायची. नवी मशीन आली, पार्टिशन घातलं, दिवाळीचा माल भरला, गणपतीचा मंडप टाकला, की आधीचा कागद जुना झाला. 29 ऑक्टोबर 2016 ला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, तेव्हाच्या औरंगाबादेत जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार पेटला. शंभराहून अधिक दुकानं खाक झाली. एरवी ते मोकळं मैदान, वर्षातले मोजके दिवस तिथं बारूद भरलेली असायची.

आणि सराव रात्री घ्या. दुपारी बारा वाजता सगळे हसतखेळत बाहेर येतात, त्यातून काही कळत नाही. लाइट घालवा, नेहमीचं दार बंद आहे असं समजा, आणि बाहेर आल्यावर डोकी मोजा. 101 ला फोन कोण करणार, हे नावानिशी ठरवा. त्यानं आधी पत्ता आणि जवळची खूण सांगावी, मग काय जळतंय आणि आत किती माणसं आहेत ते, आणि समोरच्यानं सांगेपर्यंत फोन ठेवू नये. तालुक्याच्या गावाहून बंब यायला वेळ लागतो. तोवर एक जण फाटकावर बॅटरी घेऊन उभा राहील आणि बाकीचे बोळीतल्या गाड्या बाजूला करतील, हेही त्याच सरावात करून बघा.

नमस्कार.