मिक्सिडिमा कोमा : अहवालाच्या आधीचे निदान

हिवाळ्यात, बहुधा पहाटेच्या सुमारास, साठी ओलांडलेली एखादी स्त्री रुग्णालयात आणली जाते. हाक मारल्यावर ती जेमतेम डोळे उघडते, तिची नाडी अतिशय संथ असते, आणि पायांवर सूज असूनही बोटाने दाबल्यास खड्डा पडत नाही. ‘वयामुळे हल्ली झोप वाढली होती,’ असे घरचे सांगतात. या एका वाक्यामुळे निदान किती वेळा लांबते, हे अशा रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर जाणतात.

थायरॉईड संप्रेरकाची दीर्घकाळची, तीव्र कमतरता शरीराला पेलवेनाशी झाली की ही अवस्था ओढवते. तिला ‘मिक्सिडिमा कोमा’ म्हणतात. मात्र हे नाव फसवे आहे, कारण अनेक रुग्ण पूर्ण बेशुद्ध नसतात, केवळ गोंधळलेले किंवा सुस्त असतात. निमित्त अनेकदा न्यूमोनियाचे किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाचे असते, कधी झोपेच्या औषधाचे, तर कधी थायरॉईडची गोळी परस्पर बंद केल्याचे.

येथे थर्मामीटर नीट वाचणे फार महत्त्वाचे ठरते. काचेचे साधे थर्मामीटर ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरत नाही. त्यामुळे शरीर ३२ अंशांपर्यंत थंड पडले असले तरी ‘ताप नाही’ एवढीच नोंद होते, आणि संसर्ग तसाच दडून राहतो. म्हणून कमी तापमान मोजणारे उपकरण हवे, आणि मानेवर थायरॉईडच्या जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे का, हेही पाहायला हवे.

रक्तात सोडियम आणि साखर कमी, तर कार्बन डायऑक्साइड वाढलेला आढळू शकतो. टीएसएच, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारे व थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक, सहसा वाढते. परंतु दोष पिट्युटरीतच असल्यास ते कमी किंवा सामान्यही दिसते, म्हणून फ्री टी-फोर (रक्तातील मुक्त थायरॉईड संप्रेरक) सोबतच तपासावे लागते. २०१४ मध्ये मांडलेल्या गुणपद्धतीत तापमान, शुद्धी, नाडी अशा निकषांवर ६० किंवा अधिक गुण मिळाल्यास हे निदान बळकट मानतात.

संशय दाट असेल, तर रक्ताचे नमुने घेऊन अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात : आधी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉईड, मग थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईडचे संप्रेरक. घरच्यांना मात्र गरम पाण्याच्या पिशव्यांनी शेक देण्यापासून आवर्जून थांबवावे लागते, कारण त्वचेतील रक्तवाहिन्या अचानक रुंदावून रक्तदाब कोसळू शकतो. साध्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून रुग्णाला हळूहळू ऊब येऊ द्यावी लागते.